शंभर वर्षं पुरणारे अडीच लाख

“अजून फिरव,” डॉक्टर दिघे म्हणाले.

मी त्यांना ब्याण्णव वर्षांचं करून थांबले होते. माझं मनगट भरून आलं होतं. समोरच्या कागदावर त्यांची शिल्लक पाच लाख ऐंशी हजार एकोणचाळीस रुपये दिसत होती, आणि यंत्राची घंटा वाजायचं नाव घेत नव्हती.

“काका, ब्याण्णव झाली.”

“माझी आजी चौऱ्याण्णव वर्षं जगली. तू फिरव.”

आमचे माथुर साहेब आपली केबिन सोडून माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. ऑडिटच्या दिवसांतसुद्धा ते कधी उठून येत नसत. “घुमाइए, घुमाइए,” तेही म्हणाले. मी फिरवत राहिले.

ही ऐंशीच्या दशकातल्या जयपूरची गोष्ट. माझे यजमान लष्करात. आमचं बिऱ्हाड खातीपुऱ्याकडे. मी सांगलीची बी. कॉम., सी.ए.ची अर्धी परीक्षा पास आणि अर्धी सतत नापास. चौड्या रस्त्यावर एका जिन्याच्या वर माथुर साहेबांचं सी.ए.चं ऑफिस होतं, तिथे मी कामाला होते. ऑफिसात एक बॅटरीवरचा कॅलक्युलेटर होता, तो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा. माझ्या वाट्याला आलं होतं जुनं, लोखंडी, हँडल फिरवायचं हिशेबाचं यंत्र. वजन साधारण माझ्या मुलीएवढं.

ते यंत्र चालायचं कसं, तेही सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच झाला. वर खटके असत, त्यावर आकडा लावायचा. हँडल पुढे फिरवलं की बेरीज, मागे फिरवलं की वजाबाकी. आणि जे नाही ते वजा करायला गेलात, म्हणजे शिल्लक शून्याच्या खाली गेली, की आतली घंटा वाजायची. टण्ण! शिवाय आकड्यांच्या जागी ओळीनं नऊ-नऊ-नऊ उभे राहायचे.

डॉक्टर दिघे एका खाजगी ट्रस्टच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. वय पंचावन्न. विद्याधर नगरात स्वतःचं नवं घर, मुलीचं लग्न झालेलं, कर्ज नाही. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून हातात अडीच लाख येणार होते. पेन्शन नव्हती. नोकरी साठपर्यंत होती, पण त्यांना आत्ताच सोडायची होती.

“तीस वर्षं लोकांना झोपवलं अनघा,” ते मला म्हणाले होते. “आता मला झोपायचंय. सकाळी आठपर्यंत. बाकी आयुष्याकडून मागणं नाही.”

त्यांचा प्रश्न साधा होता. वर्षाला चोवीस हजार घरखर्च. ते ऐंशी वर्षांचे होईपर्यंत दरवर्षी एवढे काढायचे, तर आज हातात किती हवेत? अडीच लाख पुरतील का?

याला आमच्या धंद्यात मोठी नावं आहेत. पण खरं तर गोष्ट धान्याच्या डब्याची आहे. डब्यातून दरवर्षी ठरलेलं धान्य काढायचं. डबा असा जादूचा, की उरलेल्या धान्यात वर्षाअखेर दहाव्या हिश्श्याची आपोआप भर पडते. ती भर म्हणजे व्याज. तर डबा सुरुवातीला किती भरलेला असावा, म्हणजे तो शेवटपर्यंत पुरेल? सूत्र आहे, तक्ते आहेत. पण सूत्रावर क्लायंटचा विश्वास बसत नाही. म्हणून मी ते वर्षावर वर्ष, यंत्रावर करून दाखवायचं ठरवलं. ज्या वर्षी घंटा वाजेल, त्या वर्षी पैसे संपले. शेंबड्या पोरालाही कळेल.

व्याज मी दहा टक्के धरलं. बँकेत मुदतीच्या ठेवीवर साधारण तेवढं मिळायचं, हे खरं. पण खरं कारण असं, की दहा टक्क्यांना हँडल एकदा फिरवायचं, एक घर सरकायचं आणि पुन्हा एकदा फिरवायचं. झालं. अकरा टक्क्यांना जास्त वेळा फिरवावं लागतं. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा माझ्या मनगटाला काय सोयीचं, हे मी आधी बघितलं होतं.

पहिलं वर्ष रजेच्या साठलेल्या पैशांवर निघणार होतं, म्हणून पहिली उचल छप्पन्नाव्या वर्षी. अडीच लाखांवर पंचवीस हजार व्याज. त्यातून चोवीस हजार वजा. उरले दोन लाख एक्कावन्न हजार.

मी थांबले. पुन्हा केलं. तेच.

“साहेब, वाढले.”

“क्या बढ़ गए?”

“पैसे. वर्षभर खाऊन हजार रुपये वाढले.”

पुढच्या वर्षी अकराशे वाढले. त्याच्या पुढच्या वर्षी बाराशे दहा. साठाव्या वर्षी डॉक्टर आमच्या ऑफिसात आले होते त्यापेक्षा श्रीमंत होते. सत्तराव्या वर्षी आणखी. ऐंशीला त्यांच्याकडे जवळजवळ साडेतीन लाख. आम्ही तिघं यंत्रावर असे वाकलो होतो, जसं काही आत डॉक्टर खरंच म्हातारे होतायत. नव्वदीला माथुर साहेबांनी समोरून प्याजकचोरी मागवली. शंभरीला, नऊ लाख अडुसष्ट हजार नऊशे पाच रुपये शिल्लक असताना, मी हँडल सोडलं.

“डॉक्टर साहब,” माथुर साहेबांनी हात जोडले, “आप तो अमर हो गए।”

डॉक्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठा गंभीर माणूस, पण जिना उतरताना शीळ घालत उतरला. घरी न जाता सरळ हॉस्पिटलात गेला आणि सुपरिंटेंडेंटच्या हातात राजीनामा ठेवून आला.

तो गुरुवार होता. त्या दुपारी आमच्या ऑफिसात काम झालं नाही. साहेबांनी दार लोटून स्वतःचे आकडे मला दिले. ते त्रेसष्टाव्या वर्षी थांबून मसुरीला राहू शकत होते. मग मी माझ्या यजमानांना अडतिसाव्या वर्षी फौजेतून सोडवलं. ते मेजरसुद्धा झाले नव्हते. चार वाजेपर्यंत आम्ही दोघंही रिटायर होऊन, चहात बिस्किट बुडवून, हिवाळ्यात कुठे जायचं याची चर्चा करत होतो. घरी जाऊन मी यजमानांना ही बातमी दिली तेव्हा ते बूट पॉलिश करत होते. “मतलब, मी उद्या परेडला जाऊ की नको?” एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी सकाळी दहाला दिघे काकू आल्या. काकू मूळच्या कऱ्हाडच्या. बोलायला लागल्या की मधे स्वल्पविराम नसायचा. मागून डॉक्टर. काकूंच्या काखेत कॅलेंडरांची जाडजूड गुंडाळी होती, भिंतीवर लावायची, मराठी तिथीवाराची.

“अनघा, हे खरं का, की हे शंभर वर्षांचे झाले तरी मला घर चोवीस हजारांत चालवायचंय?”

“म्हणजे काकू, हिशेबात...”

“हिशेबात नको सांगू, विद्याधर नगरात सांग. पंचेचाळीस वर्षांनी मला पावणेपाच रुपयांनी दूध देणारा भैया कोणता, त्याचं नाव सांग. मी आत्तापासून त्याला राखी बांधते.”

मी माथुर साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलावरच्या कचोरीच्या कागदाकडे पाहत होते.

काकूंनी कॅलेंडरं टेबलावर उलगडली. दहा-अकरा वर्षांची होती. त्यांचा दीर दर वर्षी कऱ्हाडहून पाठवायचा. मराठी घरात जशी असतात तशीच, प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा आकडा: दीड, दीड, दोन, खाडा, दीड. आणि महिन्याखाली भाव. वर्ष संपलं तरी काकूंनी एकही फेकलं नव्हतं, कारण मागे लोणच्यांच्या कृती होत्या.

“हे बघ. दहा वर्षांपूर्वी दोन रुपये वीस पैसे. मग अडीच. मग हे बघ, दिवाळीत एकदम वाढवला मेल्यानं. आणि हे आत्ताचं. पावणेपाच.”

मी वर्षाचा दर काढला. आठ टक्के. तेल, गहू, मोलकरीण, सगळं काकूंना तोंडपाठ होतं, आणि सगळं थोड्याफार फरकानं त्याच वाटेनं गेलं होतं. मी व्याजाला दरवर्षी वाढू दिलं होतं आणि खर्चाला पंचेचाळीस वर्षं जागच्या जागी उभं केलं होतं. महागाई हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. त्यावर मी बारा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पण आकडे सुंदर वाढत होते, घंटा वाजत नव्हती, आणि कचोरी गरम होती.

“राजीनामा परत घेता येईल?” मी डॉक्टरांना विचारलं.

“आज दोनपर्यंत. मग ऑफिस बंद. सोमवारी ट्रस्टींची मीटिंग, ते मंजूर करून टाकणार. सुपरिंटेंडेंटचा भाचा भूलतज्ज्ञच आहे. वाट बघतोय.”

साडेदहा झाले होते. मी बाही वर केली.

या वेळी व्याज तेच, दहा टक्के. पण खर्च दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवायचा. म्हणजे दर वर्षाला हँडलचे आठ वेढे जास्त. मनगटाचे लाड केल्याची ती शिक्षा होती, आणि ती मला पुरेपूर मिळाली.

पहिल्या वर्षी पुन्हा दोन लाख एक्कावन्न हजार. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. दुसऱ्या वर्षी दोन लाख पन्नास हजार. मग सत्तेचाळीस. साठाव्या वर्षी दोन लाख तेहतीस. पासष्टाला एक लाख सव्वीस. सदुसष्टाला चाळीस हजार. अडुसष्टाव्या वर्षीचा खर्च साठ हजारांच्या वर गेला होता. मी हँडल मागे फिरवलं.

टण्ण!

नऊ-नऊ-नऊ-नऊ.

“अडुसष्ट,” डॉक्टर म्हणाले. परवाच हा माणूस अमर होता. “आणि मग मी काय करायचं?”

“झोपायचं,” काकू म्हणाल्या. “उपाशी.”

माथुर साहेब हळूच म्हणाले, “बहनजी, ऐंशीपर्यंत जायचं तर आज किती लागतील ते तरी बघू द्या.” त्यांनी ड्रॉवरचं कुलूप काढलं, बॅटरीचा कॅलक्युलेटर माझ्यापुढे ठेवला. त्या ऑफिसात मी चार वर्षं होते, पण तो हातात मिळाला तो तेवढ्या एका दिवशी. सूत्रानं उत्तर आलं: चार लाख एक्केचाळीस हजार. होते अडीच.

डॉक्टर उठले. स्कूटरची किल्ली चाचपली. “जातो. पत्र घेऊन येतो. पाच वर्षांचाच प्रश्न आहे.” आणि हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न बघून मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाचच फाइल उघडली.

“बसा हो,” काकू म्हणाल्या. “दोनला अजून वेळ आहे. अनघा, यांना विचार, यांना नक्की काय नकोय.”

“काका, काय नकोय?”

“फोन,” डॉक्टर लगेच म्हणाले. “पहाटे चारला वाजणारा. सातची ऑपरेशनची लिस्ट. जानेवारीच्या थंडीत साडेसहाला किक मारायची, ती स्कूटर सुरू होत नाही. सुपरिंटेंडेंटच्या मीटिंगा. औषधांच्या खरेदीचे फॉर्म, तीन प्रतींत.”

“आणि भूल द्यायला?”

“ते कुठे नकोय?” ते चमकून म्हणाले. “ते तर...” आणि मग त्यांनी दहा मिनिटं आम्हाला सांगितलं, की पेशंट भीतीनं टेबल घट्ट धरून असतो, त्याच्याशी गावाकडच्या गप्पा कशा काढायच्या, आकडे उलटे मोजायला कसे लावायचे, चौमूंहून आलेल्या एका म्हातारीनं आकडे येत नव्हते म्हणून आपल्या म्हशींची नावं कशी मोजली, आणि अकराव्या म्हशीला ती कशी झोपली. सांगताना त्यांचे हात हवेत चालत होते.

काकू माझ्याकडे वळल्या. “यांना काम नको नाहीये गं. यांना पहाट नकोय.”

मी पेन्सिल उचलली. “काका, बाहेरच्या नर्सिंग होममध्ये एका केसचे काय देतात?”

“दीडशे, एकशे साठ. दोघं-तिघं सर्जन मागेच लागलेत माझ्या. नोकरीत जमत नव्हतं.”

“आठवड्याला तीन केस. दहाच्या आधी एकही नाही.”

“दहाच्या आधी नाही?” डॉक्टर पुन्हा बसले.

तीन केस, बावन्न आठवडे, एकशे साठ रुपये: वर्षाला पंचवीस हजारांच्या जवळ. घरखर्च सुटला. “आणि महागाई वाढली की फी पण वाढेल,” काकू म्हणाल्या. “भैया वाढवतो, तुम्ही का नाही?” म्हणजे जितकी वर्षं डॉक्टर या तीन केस करतील, तितकी वर्षं डब्याला हात लावायचा नाही. फक्त भर पडू द्यायची.

“किती वर्षं?” डॉक्टरांनी विचारलं.

“दहा करून बघू.”

साडेबारा वाजत होते. कॅलक्युलेटर घंटा वाजवत नाही, म्हणून मी पुन्हा यंत्रच पुढे ओढलं. दहा वर्षं नुसती बेरीज, त्यामुळे मी वाऱ्यासारखी पासष्टाला पोचले: सहा लाख अठ्ठेचाळीस हजार चारशे पस्तीस. माथुर साहेबांनी शिट्टी वाजवली. “खबरदार,” काकू म्हणाल्या, “परवा पण अशीच वाजवली असेल तुम्ही.” साहेबांनी तोंडावर बोट ठेवलं.

मग वजाबाक्या सुरू झाल्या. दरवर्षी खर्च वाढलेला, आठ टक्क्यांनी, हातानं. काकू माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि प्रत्येक वर्षाचा खर्च मोठ्यानं वाचून, “हो, लागतील एवढे,” अशी मंजुरी देऊ लागल्या. अडुसष्ट आलं. मी हँडल मागे घेतलं आणि डोळे मिटले. आवाज नाही. सत्तर. सत्तरच्या पुढे शिल्लक डगमगायला लागली, मग उतरायला. पंचाहत्तर. साहेबांनी माझ्या मनगटाखाली आपला रुमाल घडी करून ठेवला. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. डॉक्टर उभे राहून स्वतःची नाडी बघत होते, बहुतेक सवयीनं.

ऐंशी. हँडल मागे. शांत. शिल्लक एक लाख चार हजार आठशे आणि वर चिल्लर.

मग कोण ओरडलं आठवत नाही. माझी शंका माथुर साहेबांवर आहे. खालच्या चपलेच्या दुकानातून कोणी तरी वर बघायला आलं, काय पडलं म्हणून.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “अजून एकदा फिरव.”

एक्याऐंशीचा खर्च एक लाख चौसष्ट हजार. मी फिरवलं.

टण्ण!

“बरं,” काकूंनी कॅलेंडरं गुंडाळायला घेतली. “एक्याऐंशीला मी यांना घेऊन तुझ्याकडे राहायला येईन. हिशेब तुझा आहे.”

मी मान डोलावली. माथुर साहेबांनी फाइल ओढली आणि शेरा लिहिला: ‘८१ वर्षांनंतरची जबाबदारी: अनघाजी.’ खाली माझी सही घेतली. मी दिली. त्या क्षणी मागितली असती तर मी विद्याधर नगराच्या रस्त्यांची जबाबदारीसुद्धा घेतली असती.

दोन वाजले. हॉस्पिटलचं ऑफिस बंद झालं. राजीनामा जिथे होता तिथेच राहिला आणि सोमवारी मंजूर झाला.

डॉक्टरांनी तीन केस कबूल केल्या होत्या. पहिल्याच महिन्यात सर्जन लोक आठवड्याला सहा मागायला लागले. वेळ काकू द्यायच्या, फोन काकूच घ्यायच्या. “साडेनऊला आणा पेशंट,” कोणी म्हटलं की, “साडेनऊला ते दूध पितात,” म्हणून ठेवून द्यायच्या. पासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी काम थांबवलं. आता ते बहात्तरचे आहेत.

त्या हिशेबातलं एकही वर्ष मी लिहिलं तसं गेलं नाही. फी माझ्या अंदाजापेक्षा वाढली, मधे काकूंच्या गुडघ्यांनी खर्च काढला, आणि आता व्याजाचे दर असे उतरलेत, की तेव्हाचे दहा टक्के मी माझ्या मुलीला सांगते तेव्हा ती मला फेकू म्हणते. म्हणून दर एप्रिलमध्ये मी त्यांचा हिशेब नव्यानं मांडते. कधी गाडी एक्याऐंशीच्या पुढे जाते, कधी अलीकडे येते, आणि त्याप्रमाणे काकू त्या वर्षीची सहल ठरवतात किंवा रद्द करतात.

या धंद्यात मी पुढे सी.ए. झाले, ऑफिस काढलं, कॉम्प्युटर घेतले. कोणी निवृत्तीचा हिशेब विचारायला आलं, की मी दोनच गोष्टी सांगते. घर जो चालवतो त्याला बरोबर घेऊन या. आणि दरवर्षी या. दोन्हींची फी लागते. पहिल्या दिवशीच्या त्या सुंदर हिशेबाची फी मात्र माथुर साहेबांनी डॉक्टरांकडून घेतली नव्हती. ती त्यांनी माझ्या पगारातून कापली: कचोरीसकट सत्तावीस रुपये.